गमलीबाईचा जबाब

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग पेन्शनचे कागद अडतील ही भीती, मग मुलीचं लग्न, मग वाटलं की आता कोणाला काय पडलं आहे. आज मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि एकही कारण उरलेलं नाही. म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. गमलीबाई बाहेरचं पाहत नव्हती. कोणाच्या अंगात आणत नव्हती, कोणाचं औषध बंद करत नव्हती. तसं तिच्या जबाबात लिहिलेलं आहे, खाली तिचा अंगठा आहे आणि अक्षर माझं आहे. ते सगळं खोटं आहे. त्या कागदाने तिची नोकरी गेली आणि नावही गेलं. नोकरी परत देणं आता कोणाच्याच हातात नाही. नावाचं काही करता आलं तर पाहावं म्हणून लिहितो.

मी दिग्रसच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होतो. हे नाव पगाराच्या कागदावर. गावात सगळे कंपाउंडर साहेबच म्हणत. केंद्र कोणतं ते सांगत नाही. तिथे आता सगळी नवीन माणसं आहेत, त्यांनी कशाला बोलणी खावी. गमलीबाई तिथे अर्धवेळ स्त्री परिचर होती. अर्धवेळ हे फक्त ऑर्डरमध्ये. सकाळी तांड्यावरून पायी यायची, झाडू, फरशी, बाळंतिणीचे कपडे, पाणी, सगळं करायची आणि दिवस कलल्यावर जायची. अंगावर खात्याची पांढरी साडी, पण हातात कोपरापर्यंत जाड पांढऱ्या बांगड्या. त्या तिने कधी उतरवल्या नाहीत. डॉक्टर एकदा म्हणाले, "बाई, यात जंतू बसतात."

"जंतूले उतरा म्हणा साहेब. मी तं नाई उतरवत."

खुर्चीवर ती कधी बसली नाही. स्टूल दिला तरी त्याच्या शेजारी जमिनीवर बसायची. बोलणं फटकळ. डॉक्टरांना पाठीमागे 'सुईवाला' म्हणायची आणि तेही एवढ्या मोठ्याने की त्यांना ऐकू जावं. कापसाचे रोल तांड्यातल्या बाळंतिणींसाठी पदराखाली न्यायची. मी स्टॉक मोजायला लागलो की म्हणायची, "मोजा, मोजा. उंदरानं नेले लिहा." मी उंदरानं नेले असं लिहीत नसे, पण खराब झाले असं लिहीत असे. तेव्हाही मी कागदावर खोटंच लिहीत होतो. फक्त त्याचा कोणाला त्रास नव्हता.

रुग्ण आला की आम्ही सगळे तोंडाकडे पाहायचो. ती पायांकडे पाहायची. बाकावर बसलेल्या बाईचे तळवे जमिनीला टेकले आहेत की टाचा वर उचललेल्या आहेत, अंगठे आत वळले आहेत का, एवढं पाहून ती ठरवायची. म्हणायची, "तोंड खोटं बोलते साहेब. पायाले खोटं बोलता येत नाई." मग आपले दोन्ही हात एकमेकांवर घासून गरम करायची आणि बाईच्या पाठीवर, मानेच्या खाली, ठेवून द्यायची. चोळायची नाही, दाबायची नाही. नुसते ठेवायची. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. तेवढ्यात नर्सबाईने हाक मारली तर "हात गुतले हायेत" असं उत्तर यायचं.

तिच्याकडे मंत्र नव्हता, अंगारा नव्हता, लिंबू नव्हतं. हे मी ठणकावून सांगतो, कारण मी तिथे बारा वर्षं होतो. जे तिचं काम नव्हतं तेही तिला पक्कं कळायचं. एकदा साप चावलेल्या माणसाला त्याच्या घरच्यांनी आधी तिच्यासमोर आणून टेकवलं. ती त्यांच्यावर अशी ओरडली की मी दुकानातून, म्हणजे औषधाच्या खोलीतून, बाहेर आलो. "माह्या तोंडाकडे काय पाहता? हे सुईचं काम हाय. सुईवाल्याले उठवा, गाडी काढा." माणूस वाचला. असली बाई औषधं बंद करते म्हणे.

गोरमाटी, म्हणजे बंजारा, बायांची एक रीत आहे. बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून सूर लावून रडायचं. रडता रडता मधल्या काळात काय काय झालं ते सांगायचं. एकदा दोन बहिणी आमच्या व्हरांड्यात अशा भेटल्या. चार वर्षांनी. डॉक्टर धावत बाहेर आले, "कोण मेलं? कोणी मला सांगितलं कसं नाही?"

"कोणीच नाई मेलं," गमलीबाई फरशी पुसता पुसता म्हणाली. "भेटून राह्यल्या."

"मग रडतात कशाला?"

"चार सालाचं साठलं हाय साहेब. गळ्यात पडल्याबिगर कसं उतरन? तुमी कुठं उतरवता?"

डॉक्टर आत गेले. मी हसलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमी हसू नका. तुमचं बी कुठं उतरून राह्यलं?"

तेव्हा माझी बायको जाऊन दोन महिने झाले होते. मी सुट्टी न घेता कामावर येत होतो, सगळे माझं कौतुक करत होते. खरं असं होतं की मला गोळ्या मोजता येत नव्हत्या. पंधरा मोजेपर्यंत छाती आवळायची आणि आकडा निसटायचा. ओळीत उभी असलेली माणसं पाहत राहायची. एका दुपारी ओपीडी संपल्यावर ती दारात आली.

"साहेब, भिंत ढकला."

"काय?"

"हे भिंत. दोन्ही हातानं. पाय रोवून."

"कायले?"

"ढकलून तं पाहा. पडली तं सरकार बांधून देईन."

तिचा पिच्छा सुटावा म्हणून मी भिंतीला हात लावले. "असं नाई. जोर लावा. टाच रोवा. दात कायले खाऊन राह्यले, तोंड उघडा." मी जोर लावला. किती वेळ ते आठवत नाही. हात कापायला लागले, मग मांड्या, मग सगळं अंग, आणि माझ्या तोंडातून जनावरासारखा आवाज निघाला. ती दार अर्धवट लावून बाहेर बसली होती, कोणी येऊ नये म्हणून. मी थांबलो तेव्हा मला भूक लागली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तिने तिच्या फडक्यातली भाकर दिली. मी, कंपाउंडर साहेब, ती खाली बसून खाल्ली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, मुलीलासुद्धा नाही. जिच्यामुळे मी उभा राहिलो तिच्याविरुद्ध मी पुढे तो कागद लिहिला.

अंग कापायला लागलं की ते थांबवायचं नाही, हा तिचा एकच नियम होता. "बैल घाटात पडला ना साहेब, तं उठल्यावर पहिले आंग झाडते. कातडं अस्सं थरथरते. मग चालते. झाडू देल्लं नाई, लगेच जुंपला, तं दोन दिवस चारा खात नाई. आमचे म्हातारे बैलाच्या पाठीवर माल नेत होते, त्याईले माहीत होतं. बाईले बैलाएवढं तं करू द्या."

मागच्या हिवाळ्यात आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने यवतमाळात एक सत्र ठेवलं होतं. मी आता राहतो त्या लोहाऱ्याहून आम्ही पाच-सहा जण रिक्षाने गेलो. पुण्याहून एक बाई आल्या होत्या, चांगल्या होत्या, गोड बोलत होत्या. पडद्यावर चित्रं होती. धक्का शरीरात साठून राहतो म्हणाल्या. तळवे जमिनीवर टेकवा म्हणाल्या. हरीण वाघापासून सुटलं की थरथरतं आणि मोकळं होतं, माणूस ते दाबतो म्हणून आजारी पडतो. कंप आला तर येऊ द्या. भिंतीला हात लावून ढकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "काय नवीन शास्त्र निघालंय, वा."

माझे कान तापले. त्या बाईंचा राग नाही, त्यांनी खरं तेच सांगितलं. पण हेच करणाऱ्या बाईला आम्ही खोटी ठरवून हाकलली होती आणि आता त्याच खात्यातले निवृत्त लोक पुढच्या रांगेत बसून वहीत उतरवून घेत होते. मी हात वर केला. बाई म्हणाल्या, "बोला काका." सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी विचारलं, "प्यायचं पाणी कुठे आहे?"

असा मी आहे. आता वनिताचं सांगतो.

कापूस वेचायला निघालेल्या बायांची ट्रॅक्टरची ट्रॉली नाल्याच्या वळणावर उलटली. वनिता ट्रॉलीखाली होती, तिच्या अंगावर तिची जाऊ. जाऊ तिथेच गेली. लोकांनी ट्रॉली उचलेपर्यंत वनिता त्या प्रेताखाली जागी होती. हाड एकही मोडलं नव्हतं. पण बोलणं बंद, दोन्ही मुठी आवळलेल्या आणि मधूनच सगळं अंग थडथड उडायचं. डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन सांगितलं. मी दिलं. झोपली. उठली की तेच. घरी पाठवली, आठ दिवसांत पुन्हा आणली. सासरा म्हणायचा, "नाटकं हायेत." नवरा दाराशी उभा राहून चप्पल पाहत राहायचा.

गमलीबाईने तिला मागच्या व्हरांड्यात नेलं. दुपारी, ओपीडी बंद झाल्यावर, रोज. पाठीला पाठ लावून दोघी जमिनीवर बसायच्या. गमलीबाई काही बोलायची नाही, कधी डाळ निवडायची. मी एकदा विचारलं, पाठीला पाठ कशाला. म्हणाली, "तिच्या आंगावर मुर्दा होता साहेब. समोरून कोणी आलं तं भेते. पाठीमागून जितं माणूस लागू द्या तिले." वनिताची थरथर सुरू झाली की गमलीबाईची पाठही हलायची, पण ती जागची उठायची नाही. ओसरली की वनिता जांभई द्यायची. चौथ्या आठवड्यात तिच्या मुठी उघडल्या. नंतर एके दिवशी ती पहिलं वाक्य बोलली ते मी ऐकलं आहे: "याडी, तुह्या डाळीत खडे राह्यले." गमलीबाईला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. गमलीबाई म्हणाली, "मंग तूच निवड." वनिताने सूप ओढून घेतलं.

ती बरी होत होती. हेही ठणकावून सांगतो.

मग जिल्ह्यावरून साहेबांची भेट ठरली. सकाळपासून चुना, पडदे, रजिस्टरं. साहेब लवकर आले. वनिता व्हरांड्यात होती आणि नेमकी थरथर सुरू झालेली. डॉक्टर माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "तिला शांत करा आधी." कागद दिला नाही, मात्रा सांगितली नाही. गमलीबाई आडवी आली. "साहेब, आजच्या दिवस सुई नका देऊ. अर्ध्यात तोडू नका. घटकाभरानं थांबते ते."

"बाजूला हो," मी म्हणालो.

मी इंजेक्शन दिलं. थरथर लगेच थांबली नाही, साहेब पाच पावलांवर होते, मी घाबरून दुसरं दिलं. माझ्या हाताने, कागदाशिवाय. भेट छान झाली. साहेबांनी चहा घेतला. ते गेल्यावर गमलीबाईच्या लक्षात आलं की वनिताचा श्वास फार लांब लांब पडतो आहे. तिनेच आरडाओरड केली, तिनेच गाडीत तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि यवतमाळपर्यंत गालावर थापट्या मारत गेली. वनिता वाचली. पण महिन्याभराची सगळी कमाई गेली. पुन्हा बोलणं बंद, पुन्हा मुठी.

सासऱ्याने तक्रार केली. चौकशी लागली. डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावलं. म्हणाले, "कागद नसताना दोन इंजेक्शनं तुम्ही दिली. मी तर काही सांगितलं नव्हतं. पेन्शनला दोन वर्षं राहिली ना तुमची?" मग ते आवाज मऊ करून म्हणाले, "ती बाई मागे बसून काय काय करते ते सगळ्या गावाला माहीत आहे. बाहेरचं पाहते म्हणतात. जबाब घ्या तिचा. लिहिता येत नाही ना तिला? तुम्हीच लिहा."

मी लिहिला. 'सदर रुग्ण महिलेस बाहेरची बाधा असल्याचे मी सांगितले. तिच्या अंगात आणून बाधा काढण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरांचे औषध घेऊ नये असे मी वेळोवेळी बजावले. सदर दिवशीही मी औषधोपचारात अडथळा आणला.' शेवटचं वाक्य लिहिताना मला ते चांगलं सुचलं असं वाटलं होतं. माझ्या मनाची ही अवस्था होती.

ती आली आणि दाराशी जमिनीवर बसली. म्हणाली, "वाचा साहेब, काय लिहिलं."

मी कागद हातात धरला आणि वाचलं, "मी वनिताच्या पाठीला पाठ लावून बसत होते. तिला धीर देत होते. तिचं औषध मी कधी बंद केलं नाही. त्या दिवशी इंजेक्शन देऊ नका अशी मी विनंती केली." यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. मी न अडखळता वाचलं. पंचवीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात गेली होती, समोर नसलेलंही वाचता येत होतं.

ती लक्ष देऊन ऐकत होती. "बराबर लिहिलं," म्हणाली. "धीर देल्ला थे बी टाकलं, चांगलं केलं." शाईच्या पॅडवर अंगठा तिने स्वतःच दाबला. मला धरावाही लागला नाही.

अर्धवेळ माणसाला काढायला काय लागतं? आठ दिवसांत काम झालं. तीस-चाळीस बाया तरी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. एकही चौकशीला आली नाही. आलो तर आपल्यालाही बाधा होती असं लोक म्हणतील, ही भीती. नर्सबाई रजेवर गेल्या. डॉक्टरांची बदली झाली, चांगल्या ठिकाणी. माझी दोन वर्षं सुखाने पार पडली, निरोपाला शाल मिळाली. आणि जबाबातलं वाक्य केंद्रातून गावात गेलं, गावातून तांड्यांवर. तिने स्वतः कबूल केलं आहे, अंगठा आहे. तिच्या नातीची ठरलेली सोयरीक मोडली. आजी बाहेरचं पाहते त्या घरातली मुलगी नको, म्हणाले. वनिताला तिच्या माहेरचे घेऊन गेले. पुढे काय झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

डॉक्टरांचा मला राग येतो, तो कमी झालेला नाही. पण त्यांनी फक्त सुचवलं होतं. वाचून मी दाखवलं.

निवृत्तीनंतर पाचेक वर्षांनी मी एका लग्नाला दिग्रसला गेलो होतो. परत यायला बसस्टँडवर बसलो होतो. भर दुपार, यवतमाळची गाडी उशिरा. बाकाशेजारी जमिनीवर कोणीतरी येऊन बसलं. बांगड्यांचा आवाज आला म्हणून मी खाली पाहिलं.

"पाह्यलं का, वळखलं नाई मले," ती म्हणाली. फार वाळली होती. पुढचे दात गेले होते.

"ओळखलं ना गमलीबाई. कुठे निघाल्या?"

"पुसदले. नातीकडे. मोठ्या मुश्किलीनं लागलं तिचं, लांब देल्ली, पण पोरगा चांगला हाय." मग माझ्या मुलीची चौकशी, माझ्या गुडघ्यांची. जेवण कोण करून देते. शेजारच्या बाईचं बाळ रडत होतं, त्या बाईला म्हणाली, "त्याले उभं धर वं, पोटात वारा हाय."

मी मनात वाक्य जुळवलं. तोंड उघडलं. "गमलीबाई, तो जो जबाब होता..."

"जाऊ द्या नं साहेब." ती माझ्याकडे वळली. "तुमी कायले जीवाले लावून घेतलं? मी तांड्यात सगळ्याले सांगते. कंपाउंडर साहेबानं खरं तेच लिहिलं होतं. वरच्यांनी फिरवलं. पोरं म्हणतात, आजी, त्या कंपाउंडरनंच घात केला असन. मी म्हणते, खबरदार. मले वाचून दाखवलं होतं त्याईनं. माह्या कानानं ऐकलं."

सांगायचं होतं ते जिभेवर होतं. हिला एका माणसाचा भरवसा आहे, तो कशाला मोडा, असं मी स्वतःला तिथल्या तिथे समजावलं. किती सोयीचं होतं ते. दया दाखवतो आहे असं वाटत होतं आणि घाम फुटला होता.

पुसदची गाडी लागली. गर्दी उसळली. तिचं गाठोडं मी वर दिलं. तिने ते घेतलं आणि गर्दीत वळून म्हणाली, "पोरीले सांगजा मी पुसत होती." खिडकीशी जागा मिळाली तिला. ती पलीकडच्या बाईशी लगेच बोलायला लागली, माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. धूळ उडाली आणि गाडी गेली.

पुढच्या महिन्यात तांड्यावर जाईन असं ठरवलं. गेलो नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग त्या बाजूचा एक ड्रायव्हर लोहाऱ्याला भेटला, त्याने सांगितलं की ती जाऊन सहा महिने झाले. तिच्या तांड्यातली पोरं आता शिकली आहेत, वाचतात. त्यांनी आजीचं ऐकू नये, हे वाचावं.

गमलीबाई, वरच्यांनी काही फिरवलं नव्हतं. तुम्ही ऐकलं ते कागदावर कधीच नव्हतं. पोरं बरोबर होती. मला माफ करा.